तो आळस नसतो हो

वर कुणी लिहिलंय, "मूल वाचत नाही म्हणजे आळशी, दोन धपाटे घाला." वाचून पोटात कालवाकालव झाली. त्यामागे अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे मूल हुशार असूनही वाचणं-लिहिणं अडतं. माझा भाचा मालवणचा. समुद्राला उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, तोंडपाठ! पण तिसरीत ‘समुद्र’ वाचताना ‘मु’वरच अडायचा, एकाच पानावर तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहायचा. आम्हीही ओरडलोच, अजून टोचतं ते.

अक्षर उलटं काढणं सुरुवातीला पुष्कळ मुलं करतात, तेवढ्यावरून घाबरू नका. यमक न जुळणं, शब्दातले आवाज सुटे न करता येणं, घरात आणखी कुणाला हाच त्रास असणं, हे बघा. आधी डोळे-कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तिचं प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ मिळतो.