होलसेल टॉवेलची जाहिरात, पण फोन दोन नगांचे. काय बदलू?

टेरी_एमआयडीसी: सोलापुरात अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा कारखाना आहे. हॉटेल-हॉस्पिटलच्या ऑर्डर हव्यात. गूगल अ‍ॅड्सवर रोज ५०० लावलेत, कीवर्ड ‘सोलापूर टॉवेल’ आणि ‘टॉवेल होलसेल’. फोन येतात ते ‘दोन नग पाठवता का’, नाहीतर ‘कामगार घेताय का’. कीवर्ड बदलू की वेबसाइट? शिवाय काल एका दिवसात ९०० कसे गेले?

कीवर्डकाका: आधी सर्च टर्म्स रिपोर्ट बघा, लोकांनी खरं काय टाइप केलं ते तिथं दिसतं. चिन्हाशिवाय टाकलेला कीवर्ड ब्रॉड मॅच होतो, म्हणजे संबंधित वाटेल त्या शोधावरही जाहिरात दिसते, मग किरकोळवाले येणारच. ‘हॉटेल टॉवेल होलसेल’ दुहेरी अवतरणात टाका, म्हणजे फ्रेज मॅच: शोधात तो अर्थ असेल तरच जाहिरात दिसते. ‘टेरी टॉवेल मॅन्युफॅक्चरर’ चौकटी कंसात, म्हणजे एक्झॅक्ट: शोधाचा अर्थ नेमका तोच हवा.

निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांत, गोम आहे. त्याला समानार्थी शब्द कळत नाहीत. ‘नोकरी’ अडवली तरी ‘जॉब’ आणि ‘व्हेकन्सी’ आत येतात, म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी सगळे वेगवेगळे टाका.

लोकेशनला पुणे, हैदराबाद, गोवा घ्या आणि ‘प्रेझेन्स’ निवडा, म्हणजे प्रत्यक्ष तिथं असलेलेच लोक. मूळ सेटिंगमध्ये त्या शहरात नुसता रस असलेलेही धरतात. सोलापूर तर मी सरळ वगळेन. नोकरीचे फोन तिथूनच येत असणार! डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइट्स-अ‍ॅप्सवर जाहिरात दाखवण्याची, टिकही काढा.

९०० चं म्हणाल तर एका दिवशी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२००. जीएसटी १८ टक्के वेगळा.

पानदुरुस्ती: कीवर्ड सुधारूनही पानावर नुसते फोटो असतील तर फरक पडणार नाही. हॉटेलचा परचेसवाला जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि नगाचं वजन बघतो. ७५ × १५० सेंमी, ५०० जीएसएम म्हणजे एका नगाला सुमारे ५६० ग्रॅम. हे मजकुरात लिहा, रेटकार्डच्या फोटोत नको. हॉटेल आणि हॉस्पिटलची पानं वेगळी ठेवा, प्रत्येक जाहिरात आपापल्या पानावर न्या.

‘किमान १०० नग’ जाहिरातीच्या हेडलाइनमध्येच घाला. क्लिक कमी होतील, होऊ द्या. दोन नगवाला पैसे न खाता परत जाईल.

टेरी_एमआयडीसी: आत्ता एकाच पानावर सगळं आहे. नवी पानं केल्यावर जुनी लिंक उडवली तर?

पानदुरुस्ती: ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या लिंकवर आलेला आपोआप दुसरीकडे जातो; तेही नव्या पानावर, होमपेजवर नको. जाहिरातीतली लिंक आधी बदला, मगच जुनं पान काढा. ४०४ (पान सापडत नाही) आला की जाहिरात नामंजूर होते.