व्हिएतनाम पाहून आलात? तुमचा अनुभव लिहा

टिळकवाडी
गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतली तीन घरं व्हिएतनामला जाऊन आली, त्यातलं एक आमचं. पूर्वी परदेश म्हणजे बँकॉक, फार तर दुबई. व्हिएतनाम म्हटलं की आठवायचं ते युद्ध आणि तो फॉरवर्ड: महाराजांचा गनिमी कावा वाचून त्यांनी अमेरिकेला हरवलं, तिथं महाराजांचा पुतळासुद्धा आहे म्हणे. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या सावलीत वाढलेला माणूस हे वाचून गप्प कसा बसेल? सायगावात (म्हणजे हो ची मिन्ह शहरात) उतरल्या उतरल्या मी गाइडला विचारलं. त्यानं तीनदा नाव म्हणवून घेतलं, मग फोनवर लिहून मागितलं, शेवटी नुसता हसला. दहा दिवसांत मला तरी पुतळा कुठं दिसला नाही.

कू चीची भुयारं मात्र पाहिली, अमेरिकेशी लढताना तिथले गनिमी सैनिक ज्यांत लपून राहायचे ती. अडीचशे किलोमीटरचं जाळं होतं म्हणे. त्यातला थोडाच भाग दाखवतात, तोही पर्यटकांच्या पोटाला जमेल इतका रुंद केलेला. गाइडनं पाचोळ्यावर पाय आपटला, खालून पोकळ आवाज आला. बघतो तर पाटाएवढं लाकडी झाकण. चुलीचा धूर लांब चरांतून फिरवून जमिनीलगत सोडायचे, स्वयंपाक पहाटे, म्हणजे धूर धुक्यात जिरून जातो. महाराजांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, हेच डोक्यात घोळत राहिलं. बाहेर आल्यावर उकडलेला कसावा आणि दाण्याचं कूट देतात. बायको म्हणाली, साबुदाण्याचाच कंद हा, एकादशी असती तरी चालला असता.

आता तुमचं सांगा. हॉटेलांची जाहिरात नको. फजिती झाली असेल तर ती आधी.

निपाणी
आम्ही सहा जण, सगळे ऊसवाले. मे संपता संपता ताम कॉकला गेलो. नदीच्या दोन्ही काठांना भात पिवळं पडलेलं, मागं चुनखडीचे उभे डोंगर. होडी वल्हवणारी बाई साठीची असेल. मागं रेलून दोन्ही पायांनी वल्ही मारत होती, हातानं फोनवर बोलत होती. आमचा एक जण म्हणाला, मी मारतो. दहा मिनिटांत मांडीला गोळा आला की ओ. तिनं हसत वल्ही परत घेतली.

रस्त्यावर उसाचा रस मिळतो. आपण आलं-लिंबू घालतो, ते संत्र्यासारखं एक बारकं फळ सालीसकट चरकात टाकतात. पहिल्या घोटाला कडू लागतं. तिसऱ्या ग्लासाला आम्ही उसाचा दर विचारला. सवय जात नाही.

शहापूर
आम्ही माळकरी. मुलगा म्हणाला, आई, तिथं सगळ्यात माशाचा सॉस असतो, भाजीतसुद्धा. म्हणून अर्धी बॅग दशम्या, शेंगाचटणी आणि कुंदा. हनोईत दुसऱ्या दिवशी एका पाटीवर ‘चाय’ दिसलं. चहा मिळेल म्हणून आत गेलो, तर समोर भात, टोफू आणि हिरव्या भाजीचं ताट! ‘चाय’ म्हणजे तिकडं शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःहून ‘चाय’ खातात. मालकिणीला कुंदा दिला. तिनं दोनदा मागून घेतला. चहा शेवटपर्यंत मिळाला नाही तो नाहीच.

संकेश्वर
नोटा सांभाळा. रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात, त्यामुळं नारळपाणी पिताना लखपती झाल्यासारखं वाटतं. वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळसर. मी नारळवालीला पाच लाखाची देऊन चालू लागलो. ती बिचारी पळत आली मागनं. टॅक्सीवाला नाही आला.

खानापूर (हलशी)
मला जायचं होतं ते ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी. होई आन गावापासून तासाभराची वाट. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं; चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथं लिंग स्थापलं, नाव भद्रेश्वर. दगडावर संस्कृत कोरलेलं. आमच्या गावात कदंबांची देवळं, त्यामुळं पडकी मंदिरं मला नवी नाहीत. पण ही विटांची. आमच्या तालुक्यात विटा-कौलांच्या भट्ट्या, म्हणून नजर तिथंच गेली: दोन विटांमध्ये चुना दिसतच नाही, नखसुद्धा शिरत नाही.

मग बॉम्बचे खड्डे दिसले. 1969 मध्ये अमेरिकन विमानांनी इथं बॉम्ब टाकले, सगळ्यात मोठा मनोरा त्यातच गेला. खड्ड्यात आता गवत आहे. अलीकडं आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथं डागडुजी केली, 2020 मध्ये काम चालू असताना एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. आईनं भस्माची पुडी दिली होती. रखवालदार बघत होता, म्हणून खिशातच हात घालून बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं.

चिकोडी
एकच सांगतो. ई-व्हिसा 25 डॉलरला होतो, पण फॉर्म स्वतः भरा. माझ्या एजंटानं नावातलं वडिलांचं नाव गाळलं, मुंबईच्या काउंटरवर अडवलं. रात्रभर बसनं जाऊन परत रात्रभर बसनं चिकोडी. पासपोर्टात बेळगाव आणि आधारात बेळगावी, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

कॅम्प
आजोबा फौजेत कारकून. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख ठेवायला भारताच्या अध्यक्षतेखाली जो आयोग व्हिएतनामला गेला, त्यात ते होते. घरात एक फोटो आहे: हनोईचं होआन कीम तळं, मधे छोटा कासव-मनोरा, काठावर सायकल धरून आजोबा. मी ती जागा शोधत तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. आता सायकली कमी, स्कूटरच स्कूटर. रस्ता ओलांडायचा तर न थांबता एका चालीनं चालायचं, त्याच आपल्याला चुकवून जातात. कॉफीवर अंड्याचा गोड फेस घालून देतात, ती पीत बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि मनोरा दाखवला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “फोन जरा डावीकडं घे गं. आप्पा झाडाच्या पलीकडं उभे होते.”