स्वाइन फ्लूच्या साथीत तुम्ही विद्यापीठात होतात का? अनुभव लिहा

२००९चा ऑगस्ट आठवतोय? ३ तारखेला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला मृत्यू. पुढच्या आठवड्यात शाळा-कॉलेजं बंद झाली. कोविडनंतर ही साथ विस्मरणात गेली आहे. वसतिगृहात, मेसमध्ये, लॅबमध्ये तेव्हा नेमकी काय काळजी घेतली गेली आणि कोणाची घ्यायची राहून गेली, ते लिहा. सुरुवात मी करते.

मी एम.एस्सी.ला होते, एका खोलीत चौघी. एका रात्री मैत्रिणीला ताप भरला. "रेक्टर मॅडमना सांगू नकोस, घरी पाठवतील," म्हणून तिने माझा हात धरला आणि मी गप्प राहिले. त्या रात्रीचं अजून वाईट वाटतं. सकाळी ताप १०२. मॅडम रागावल्या नाहीत. तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली त्यांनी उघडून दिली आणि आम्हाला रिक्षाने नायडू हॉस्पिटलला धाडलं. तिथे ही रांग! तोंडाला रुमाल, स्कार्फ, कुणाच्या हातात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. घशाचा स्वॅब एनआयव्हीकडे, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, तपासायला गेला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. टॅमीफ्लू दिवसातून दोनदा, ५ दिवस. मेसच्या मावशी तिचं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या आणि विचारायच्या, "भात आणू का गं अजून?" ताप उतरल्यावर तिने पहिल्यांदा भात मागून घेतला, तेव्हा मावशींनी पदराने डोळे पुसले.

*

आमच्याकडे उलटं झालं. सुट्टी जाहीर झाली आणि संध्याकाळपर्यंत वसतिगृह रिकामं करा म्हणून सांगितलं. शिवाजीनगर स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभराचा एसटीचा प्रवास, मागच्या सीटवरचा मुलगा सारखा खोकत होता. साथ आवरायला पोरं गावोगाव पांगवायची, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. घरी गेल्यावर काय काळजी घ्या, हे एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. आजीला दमा होता. मी आपणहून ७ दिवस ओसरीवर झोपलो, जेवणही तिथेच. आजी उंबऱ्याच्या आतून बोलायची.

*

मी तेव्हा शिकवत होतो. मुलं ताप अंगावर काढून प्रॅक्टिकलला यायची, कारण हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसता येणार नाही ही भीती. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या विभागाने फळ्यावर लिहिलं : आजारी असाल तर येऊ नका, हजेरी कापली जाणार नाही, सर्टिफिकेट मागणार नाही. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडली ती ही ओळ. दुसऱ्याच दिवशी तीन मुलं आली नाहीत, आणि मला बरं वाटलं.

*

मी त्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेले होते. तिथे विद्यापीठाचा नियम सोपा होता : तापाची गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच खोलीबाहेर पडायचं. आजारी पडलात तर जेवण आणून देईल असा एक सोबती आधीच ठरवून ठेवायचा. माझी सोबती नागपूरची होती. तिने दाराशी ठेवलेल्या वरणभाताची चव अजून जिभेवर आहे.

*

माझी आई एका वसतिगृहाच्या मेसवर भांडी घासायची. सगळ्यात वरचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. आजारी मुलांची ताटं तीच धुवायची. मास्क मुलांना मिळाले, मेसच्या बायकांना नाही. एका मुलीने आपला धुतलेला स्कार्फ तिला दिला, तो बांधून ती काम करायची. हात धुवायचा नवा साबणही मुलांच्या बेसिनवरच होता, मोरीवर नव्हता. आई आठवडाभर घरून साबणाची वडी न्यायची. मग तिने स्वतः जाऊन तिथल्या सरांना सांगितलं, तेव्हा मोरीवर साबण आला.