ग्रीन डे: 'अमेरिकन इडियट'नं नाव मोठं केलं, मजा घालवली

खवट_बेसिस्ट
२०२५ च्या मार्चमध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. तेव्हापासून आमच्या ग्रुपात हा वाद धुमसतोय, म्हणून एकदाचा इथे आणतो. माझं मत: यांचा अल्बम ऐकायचा तर 'डूकी' (१९९४), 'इन्सॉम्नियाक' (१९९५), फार तर 'निमरॉड' (१९९७). २००४ चा 'अमेरिकन इडियट' वाईट नाही, पण ते अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्याविरुद्धचं पोस्टर आहे. बुश पायउतार झाले, पोस्टर पिवळं पडलं.

'डूकी'तलं 'लाँगव्ह्यू' घ्या. सुरुवातीला नुसते ड्रम आणि माइक डर्न्टचा बेस गिटार, गिटार गप्प. पोरगं सोफ्यावर पडलंय, टीव्ही चालू आहे, उठायचाही कंटाळा. बेसही तसाच लोळत लोळत चालतो. आणि कोरसला गायक बिली जो गिटार घेऊन अंगावर येतो! तीन माणसं, चाळीस मिनिटांत अख्खा अल्बम खलास. 'अमेरिकन इडियट'मधलं 'जीझस ऑफ सबर्बिया' हे एकच गाणं नऊ मिनिटांचं. पंक आहे की कीर्तन?

साडेनऊची_लोकल
कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतो, कंटाळा नसतो. ते गाणं म्हणजे पाच छोटी गाणी एका दोऱ्यात ओवलेली आहेत. सुटी करून ऐका, प्रत्येक तुकडा तुमच्या 'डूकी'त खपेल.

आणि आधी काय झालं होतं ते विसरू नका. 'वॉर्निंग' (२०००) फारसा चालला नव्हता. पुढचा अल्बम होत आला होता, तर त्याच्या मास्टर टेपाच (मूळ रेकॉर्डिंग) चोरीला गेल्या. तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करता आली असती. त्यांनी पाटी पुसली. इराकचं युद्ध चालू, नोव्हेंबरात निवडणूक, आणि सप्टेंबरात नवाकोरा 'अमेरिकन इडियट'! तुमचं सोफ्यावरचं पोरगंच आहे हो ते. टीव्ही तोच, फक्त आता त्यावर युद्ध दिसतंय. म्हणून उठलं.

पोस्टर पिवळं पडलं म्हणता? ३१ डिसेंबर २०२३ ला टीव्हीवर थेट गाताना बिली जोनं 'अमेरिकन इडियट'च्या शीर्षकगीतात 'रेडनेक'च्या (गावंढळ गोरा) जागी 'मागा' (ट्रम्प यांची घोषणा) घातलं. एका शब्दावर केवढी आदळआपट झाली.

तळघर
दोघंही चूक. खरा ग्रीन डे 'डूकी'च्या आधीच्या 'करप्लंक' अल्बमपर्यंत. बर्कलीच्या ९२४ गिलमन या क्लबचा नियम होता: मोठ्या कंपनीशी करार केलात की इथे वाजवायचं नाही. यांनी रिप्रीझ या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि घरचा उंबरा बंद झाला. 'वेलकम टू पॅराडाइज' हे गाणं 'करप्लंक'वरही आहे, 'डूकी'वरही. लागोपाठ ऐका, कळेल काय गेलं ते.

खवट_बेसिस्ट
आत्ताच ऐकलं. जुन्यात बेस शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. निर्माता रॉब कव्हालोनं 'डूकी'त तो पुढे आणला. आवाज स्वच्छ झाला म्हणजे बँड बाटला का? आणि २०१५ मध्ये त्याच गिलमनमध्ये मदतनिधीसाठी वाजवून आले की ते.

तळघर
माहेरपणाला आले. नांदायला नाही.

चुकलेली_सम
ड्रमर ट्रे कूलबद्दल कुणी एक ओळ लिहिणार आहे का? 'डूकी'तल्या 'बास्केट केस'चं पहिलं कडवं जवळजवळ गिटार आणि गळ्यावरच चालतं, ड्रम येतात आणि गाण्याला पाय फुटतात. बाय द वे, त्याचे कॉर्ड पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'कॅनन'च्या जवळ जातात; पाश्चात्त्य लग्नांत ती वाजते. ज्याला पॅनिक अटॅकची शंका येतेय त्याच्या गाण्याखाली लग्नातली चाल. हे ऐकल्यापासून दोन्ही गाणी धड ऐकता येत नाहीत.

होस्टेल_खोली_११
'निमरॉड'चा विषय निघालाय म्हणून. आमच्या फेअरवेलला मी त्यातलं 'गुड रिडन्स' वाजवलं होतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बिली जो दोनदा चुकतो आणि हळूच शिवी हासडतो. मी प्रामाणिक विद्यार्थी, चुकासुद्धा पाठ केल्या (शिवी सोडून). पुढच्या रांगेतल्या एका सरांचे डोळे भरून आले. गाणं प्रेयसी सोडून गेल्याच्या रागातलं आहे आणि शीर्षकाचा अर्थ 'बरं झालं, पीडा टळली', हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

साडेनऊची_लोकल
😂 म्हणजे 'डूकी'वाल्यांनाही हळवं व्हायला अकूस्टिक गिटारच लागते. मग 'अमेरिकन इडियट'मधल्या 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स'वर नाक का मुरडता? बिली जोचे वडील १९८२ च्या सप्टेंबरात कॅन्सरनं गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ते लिहायला त्याला वीसेक वर्षं लागली. एकविशीत 'डूकी' काढणाऱ्या पोराला ते जमलं नसतं.

खवट_बेसिस्ट
टीव्हीचा मुद्दा मान्य. सप्टेंबरबद्दल वाद घालत नाही. पण त्याच अल्बममधलं 'बुलेवार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' लागलं की मी अजूनही चहा टाकायला उठतो.

साडेनऊची_लोकल
त्याला २००६ मध्ये 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालंय. माझाही कप टाका, साखर कमी.