अकरा वर्षांच्या मुलासाठी मराठी रहस्यकथा सुचवा (भुतं नकोत!)

निनादची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, इंग्रजी माध्यम. आम्ही ठाण्यात राहतो. फेमस फाइव्हची 21 च्या 21 पुस्तकं त्याने वर्षभरात फस्त केली. आता रोज 'आई, अजून असलं काही आहे का' चालू असतं. मला वाटलं, हीच संधी आहे, मराठीकडे वळवू. घरी आम्ही मराठीच बोलतो आणि वाचताही येतं त्याला. पण जोडाक्षर आलं की गाडी खडखडते, आणि दोन पानांनंतर 'मला तहान लागली'.

गेल्या दिवाळीत सासूबाईंनी हौसेने बोधकथांचा जाडजूड संच आणला. तिसऱ्या गोष्टीनंतर हा म्हणतो, "आजी, यात लबाड कोण आहे ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतात." सासूबाई दोन दिवस गप्प होत्या.

तर मला अशी पुस्तकं हवी आहेत ज्यात शेवटपर्यंत कळत नाही. भुताटकी नको, कारण मग तो आठवडाभर आमच्या खोलीत झोपतो. एका दुकानात 'मुलांसाठी रहस्यकथा' म्हणून विचारलं तर विक्रेत्याने जे पुस्तक हातात दिलं त्याच्या मुखपृष्ठावर रक्ताने माखलेला सुरा होता. परत ठेवून आले.

जुना_वाचक_५८

फास्टर फेणे. बस, विषय संपला.

भा. रा. भागवतांची 20 पुस्तकं आहेत, उत्कर्ष प्रकाशनाची. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि जिथे जातो तिथे काहीतरी भानगड होते. आमची पिढी त्याच्यावर वाढली.

खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मी बाबूराव अर्नाळकर वाचले. त्यांच्या रहस्यकथांतले झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. वडील त्या पुस्तिका गादीखाली ठेवत आणि मी त्या भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचत असे. सहामाहीला भूगोलात 35 पैकी 11 पडले. मुलाला अर्नाळकर द्या, झोप उडेल.

ओटीवरची_काकू

जुना_वाचक, फेण्याबद्दल अनुमोदन. अर्नाळकरांबद्दल खाली भांडते.

मी चिपळूणची. दर शनिवारी दुपारी घराच्या ओटीवर मुलांचं वाचनालय चालवते, चौदा वर्षं झाली. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, पंधरा-वीस मुलं आणि एक मांजर. कुठलं पुस्तक चांगलं हे मी परीक्षणं वाचून ठरवत नाही. ते किती खिळखिळं होऊन परत येतं ते बघते.

निनादची आई, आधी पुस्तकाचं नाव बाजूला ठेवा. तुमचा मुलगा इंग्रजी डोळ्यांनी वाचतो, मराठी अजून ओठांनी वाचतोय. रहस्यकथेत मन पुढे धावतं आणि ओठ मागे राहतात, म्हणून त्याला तहान लागते. पहिली दोन प्रकरणं तुम्ही किंवा आजींनी मोठ्याने वाचायची. तिसऱ्याच्या मध्यावर, कोणीतरी अंधारात दाराच्या कडीला हात घालतंय अशा जागी, 'अगं बाई, भाजी लागली वाटतं' म्हणून उठायचं. पुस्तक तिथेच पालथं ठेवायचं. मी हे इतक्या वेळा केलंय की आमच्याकडची मोठी मुलं आता 'काकू, गॅसवर काहीच नाहीये' म्हणून ओरडतात. लहानांवर अजून चालतं.

फास्टर फेणे क्रमाने वाचायची गरज नाही. मी नव्या मुलाला 'प्रतापगडावर फास्टर फेणे' देते, कारण प्रतापगड बहुतेकांनी सहलीत पाहिलेला असतो आणि ओळखीच्या जागी भानगड झाली की भाव वाढतो. मग 'गुलमर्गचे गूढ', 'चक्रीवादळात', ज्याला जे आवडेल ते. 'फास्टर फेणेचा रणरंग' मात्र थोडं थांबून द्या. त्यात 1962 चं चीनचं युद्ध आहे, आधी नकाशा काढून बसावं लागतं.

भागवतांचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? पानावर हवा असते. वाक्यं आखूड, संवाद भरपूर, आणि अडचणीत सापडला की बन्याच्या तोंडून निघणारं ते 'ट्टॉक्'! अडखळत वाचणारं मूलसुद्धा 'ट्टॉक्' मात्र ठसक्यात वाचतं. 'ट्ट' हे जोडाक्षर आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे एक मुलगा तीन शनिवार फक्त ट्टॉक् शोधत पानं उलटत होता. चौथ्या शनिवारी बघते तर मधलंही वाचत होता.

तार, ट्रंककॉल असले जुन्या काळातले शब्द आले की मुलं अडतात. सांगून टाकायचं आणि पुढे जायचं. "हा मोबाइल का नाही लावत?" हा प्रश्न हमखास येतो. त्यावर सातवीतल्या एका मुलीने परस्पर उत्तर दिलं, "फोन असता तर पहिल्याच पानावर लोकेशन पाठवलं असतं आणि गोष्ट संपली असती."

आता एक आमच्या ओटीचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. दोन्ही कपाटांचे खालचे दोन खण गेले. उरलेलं आम्ही पंख्याखाली, दोरीवर, जिथे जागा मिळेल तिथे वाळवलं. एका फास्टर फेण्याची शेवटची सात-आठ पानं चिखलाने चिकटून त्यांची वडी झाली होती. सुरीने सोडवायला गेले तर अक्षरंच निघून आली. पुस्तक टाकून देववेना, म्हणून तसंच कपाटात ठेवलं.

तर काय सांगू, ते पुस्तक सगळ्यात जास्त वाचलं गेलं! मुलं तिथपर्यंत वाचायची आणि मग सतरंजीवर न्यायालय भरायचं. कोण गुन्हेगार, कशावरून, कुठल्या पानावर तो खोटं बोलला. सहावीतल्या मुलाने मागे जाऊन पान नंबर लिहून आणले, वहीत, समास पाडून. शाळेच्या गृहपाठाला त्याने कधी समास पाडला नसेल. नवी प्रत यायला दीड महिना लागला आणि तोपर्यंत पाच वेगवेगळे शेवट तयार होते. खरा शेवट वाचल्यावर दोघं म्हणाले, आमचा बरा होता.

तेव्हापासून मी रहस्यकथांच्या शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावते. आडवा, भाज्यांच्या जुडीला येतो तसला. तो काढायचा तर आधी मला येऊन सांगायचं, तुझा संशय कोणावर आणि का. चुकलं तरी चालतं, पण 'असंच वाटलं' चालत नाही. घरी करून बघा, काही खर्च नाही.

दुसरं नाव फेलूदा. सत्यजित राय यांनी 1965 पासून 'संदेश' या मुलांच्या मासिकात लिहिलेला कोलकात्याचा गुप्तहेर. मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद आहेत, रोहन प्रकाशनाचे. गोष्ट सांगतो तो त्याचा चुलत भाऊ तोपशे, म्हणजे तुमच्या मुलाहून थोडाच मोठा. त्यामुळे आपण सतत फेलूदाच्या एक पाऊल मागे असतो. त्याला काय दिसलं ते आपल्यालाही दिसलेलं असतं, फक्त कळलेलं नसतं. शेवटी मुलं मागची पानं उलटून 'हो की, इथे लिहिलंय!' म्हणून कपाळावर हात मारतात. रहस्यकथेने वाचकाशी असंच खेळावं, हातचं राखून फसवू नये.

त्यातली वेरूळची गोष्ट आधी घ्या. भुवनेश्वरच्या देवळातून यक्षीचं दगडी मस्तक चोरीला जातं आणि माग काढत फेलूदा आपल्या कैलास लेण्यापर्यंत येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेरूळ दाखवणार असाल तर आधी ही वाचून न्या, पोरगं गाइडला भंडावून सोडेल. मग जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याची. तिथे फेलूदाला पहिल्यांदा लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू भेटतो, जो स्वतः रहस्यकथा लिहितो आणि त्यांत धडाधड चुका करतो. जटायू आला की आमची ओटी हसायला लागते.

तक्रार एकच. बायका औषधालाही नाहीत. आमच्या मुलींनी चौथ्या पुस्तकानंतर मोर्चा काढला. फेण्यात निदान माली तरी आहे.

विज्ञानाची आवड असेल तर एखाद्या वर्षाने नारळीकर. पण आधी त्याला ही गंमत सांगा: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती. ही आद्याक्षरं उलटी वाचा म्हणावं, ज. वि. ना. पहिलं रहस्य तिथेच सुटतं.

आता भांडण. जुना_वाचक, अर्नाळकर मीही चोरून वाचलेत, पण ते मोठ्यांसाठी लिहिलेले आहेत. तुम्ही वाचलेत म्हणजे ते बालसाहित्य होत नाही. तुमच्या भूगोलाची साक्ष आहेच. भयकथावाले नारायण धारप आमच्याकडे नववीनंतर, आणि तेही आईची चिठ्ठी आणली तर. शशी भागवतांचं 'मर्मभेद' आठवी-नववीत द्या, राजवाडे, कटकारस्थानं, जाडजूड आणि झकास, पण आत्ता दिलंत तर वजनानेच घाबरेल.

डॅलसकर

काकू, रबरबँडची आयडिया ढापली आहे.

आमच्याकडे मुलगी दहा वर्षांची. सांगलीहून आजोबा व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवतात. आमचे शनिवार रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे रविवार सकाळचे साडेसात. त्यांचा चहा, तिचं दूध. आजोबांना दम लागतो म्हणून ते एका प्रकरणावर थांबतात, आणि नेमकं प्रकरण अशा ठिकाणी संपतं की मुलगी किंचाळते. मागच्या महिन्यात तिने न राहवून मंगळवारी त्यांना फोन केला. तिथे पहाटेचे चार वाजले होते. आजी घाबरून उठल्या, म्हणाल्या कोण गेलं?

सौमित्र_स

थोडा विरोधी सूर लावतो. फेलूदा सर्रास चारमिनार ओढतो. अकरा वर्षांच्या मुलाला द्यायचं का हे? आणि फास्टर फेणे आजच्या मुलांना जुनाट वाटतो, हा माझा घरचा अनुभव. मुलाने 2017 चा सिनेमा पाहिला होता, अमेय वाघचा. पुस्तक उघडल्यावर म्हणाला, हा तर शाळेत जातो!

ओटीवरची_काकू

सौमित्र, सिनेमात तो मोठा आहे, पुस्तकात शाळकरी. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही झालंय.

चारमिनारबद्दल मलाही पहिल्यांदा धाकधूक होती. चौदा वर्षांत एकाच मुलाने विचारलं, "काकू, चारमिनार तर हैदराबादला आहे ना, तो ओढतो कसा?" मी सांगितलं, सिगारेटचं नाव आहे, वाईट सवय आहे. तो बरं म्हणाला आणि चोर पकडायला निघून गेला.

आणि हो, विसरलेच. वाचनाचा वेग फारच कमी असेल तर आधी 'किशोर' मासिक. बालभारती 1971 पासून काढते, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एका बैठकीत संपणारी गोष्ट असली की मुलाला 'मी पूर्ण वाचलं' म्हणता येतं. मग कादंबरी.

निनादची_आई

सगळ्यांचे आभार! तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण घरात प्रकरण वाढलं.

पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून दोन फेणे आणि वेरूळचा फेलूदा आणला. काकूंनी सांगितल्याप्रमाणे पहिली दोन प्रकरणं वाचली, तिसऱ्यात भाजीसाठी उठले. निनाद जागचा हलला नाही. म्हणाला, "थांब, मी वाचतो, तू फक्त अडलं तर सांग." सतरा वेळा अडला. मोजलं मी. दुसऱ्या दिवशी मोजायचं विसरले.

रबरबँडही लावला. शुक्रवारी रात्री झोपताना तो जागेवर होता, शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेला. निनादला विचारलं तर तो शपथेवर नाही म्हणतो, आणि त्याचा संशय थेट आजीवर. कारणंही लिहून दिलीत: एक, आजीचा चष्मा दिवाणखान्यात सापडला, रोज तो तिच्या उशाशी असतो. दोन, सकाळी चहा उशिरा झाला. तीन, त्याने गुन्हेगार ओळखल्याचं सांगितलं तेव्हा आजी हसली.

सासूबाईंनी अजून कबूल केलेलं नाही. पण दुसरा फेणे दुपारपासून त्यांच्या खोलीत आहे आणि दार लोटलेलं आहे.

ओटीवरची_काकू

दोन प्रती घ्या.