मदत हवी: योगा लावायचाय, पण कुठला? मन ठिकाणावर आणायचंय (सातारा)

नमस्कार मंडळी,
मी साताऱ्यात राहते, वय ४१, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. वजन कमी करायचं नाहीये हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सगळे तिथूनच सुरू करतात. माझा प्रॉब्लेम वेगळाय, अंग एकीकडे आणि मन भलतीकडेच. मागच्या शनिवारी कुकर लावला, तळाला पाणी घालायचंच विसरले आणि शिट्टी का होईना म्हणून ओट्यापाशीच मोबाईल बघत उभी. करपल्याचा वास आला तो लेकीला, ते पण आतल्या खोलीत! मी कुकरपासून दोन हातांवर होते. त्याच्या आदल्या आठवड्यात कॅशमध्ये पाचशे कमी आले ते पदरचे भरले. आणि गाडीवरून पोवई नाक्यापर्यंत पोचते पण मधला रस्ता कसा गेला ते आठवतच नाही, हे तर रोजचंच झालंय. डॉक्टरांकडे जाऊन आले, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह सगळं नॉर्मल. म्हणाले योगा-बिगा करा.

आता योगा करा असं सगळेच म्हणतात पण कुठला ते कोणी धड सांगत नाही. दोन ठिकाणी जाऊन बघितलं. पहिला क्लास एकदम चकाचक, हॉलला आरसे, मोठ्यांदा गाणी, मॅडम माईकवरून पाच-चार-तीन करतायत. घाम निघाला, बरं पण वाटलं खोटं कशाला बोलू, पण तासभर मी पुढच्या बाईचे पाय बघून कॉपी मारत होते आणि शवासन दोन मिनिटांत गुंडाळलं कारण पुढची बॅच दारात चपला काढत होती.

दुसरीकडे एका देवळाच्या सभामंडपात रिटायर मास्तर शिकवतात. तासाभरात जेमतेम पाच आसनं. नुसतं ताडासनात उभं केलं आणि विचारलं, भार उजव्या टाचेवर जास्त की डाव्या? मला सांगताच येईना! ४१ वर्षं ह्याच पायांवर उभीये. मग नीट लक्ष दिलं तर डावी टाच निम्मी हवेतच होती म्हणा ना, आणि पायाची बोटं फरशीला घट्ट धरून बसलेली, घसरून पडणार असल्यासारखी. तेवढं अर्धं मिनिट डोक्यात दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं. बाकीचा वेळ मात्र संध्याकाळच्या भाजीचाच विचार :)

तर अगदी नवख्या माणसाने हठयोग, अय्यंगार, अष्टांग, योगनिद्रा ह्यातलं काय धरावं? उजवा गुडघा थोडा कुरकुरतो. वेळ सकाळी पाऊण तास, त्याच्यावर नाही.

कंदीपेढा: ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय की वरती. टाच सापडली तिथेच जावा.

कृष्णाकाठ_सांगली: मी सहा वर्षं अय्यंगार पद्धतीने करतोय, पुण्याच्या संस्थेत शिकून आलेल्या बाईंकडे. त्यात एकेका आसनात बराच वेळ थांबायचं असतं आणि पट्टा, ठोकळा, खुर्ची असलं सगळं वापरतात, त्यामुळे गुडघ्यावर जोर न देता आसन नीट करता येतं. मन पळायला फट कमी मिळते, कारण नडगी कुठे, खांदा कुठे हे सारखं विचारतात. अष्टांग विन्यास म्हणजे म्हैसूरच्या पट्टाभी जोइसांचा तो, ठरलेला क्रम, श्वासाबरोबर एकातून दुसऱ्यात जायचं. एकदा अंगात मुरला की त्यातही चांगली तंद्री लागते पण गुडघा कुरकुरतोय तर सुरुवात त्याने नको. बाय द वे, तो वेगळा आणि पतंजलींचा यम-नियमांपासून समाधीपर्यंत आठ पायऱ्यांचा अष्टांग योग वेगळा, क्लासच्या बोर्डावर जाम घोळ घालून ठेवतात.

औंधकर: आपल्याच जिल्ह्यातल्या औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार घरोघर पोचवले आणि आपण विचारतोय काय करू! रोज १२ घाला की.

कृष्णाकाठ_सांगली: @औंधकर घालूदेत की, पण सावकाश. एक नमस्कार एका मिनिटात घाला, मग कळतं श्वास कुठे अडकतो ते. सटासट १२ घातले की व्यायाम होतो, ताईंचं दुखणं तसंच राहतं.

भडंगवाली: माझ्या मिस्टरांना इगतपुरीच्या विपश्यनेने, म्हणजे ध्यानाच्या शिबिराने, खूप फरक पडला. दहा दिवस मौन, मोबाईल जमा.

निवांत_५८: ताईंना पाऊण तासावर वेळ मिळत नाही आणि दहा दिवस कुठून आणायचे? ते पुढे कधीतरी. माझं ऐका, स्टाईलच्या नावावर जाऊ नका. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर अशी सरळ तीनच सूत्रं आहेत, पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाने बसता आलं पाहिजे, बास. हे माइंडफुलनेस म्हणतात ना, म्हणजे आत्ता चाललंय त्यावरच लक्ष ठेवणं, अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली त्याचा कोर्स सुरू केला, त्यातही साधा सावकाश हठयोगच, म्हणजे आसनं आणि श्वास, आहे आणि पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवायचं. तुमच्या मास्तरांनी टाचेचं विचारलं ते हेच. योगनिद्रा पण त्याच वळणाची, फक्त रात्री दमून केलीत तर घोरायला लागाल. आणि यूट्यूब बघून कपालभाती फाडफाड सुरू करू नका, बीपी, हर्निया असेल तर त्रास होतो.
घरी एकच करा. बसून श्वास मोजा, एक ते दहा, परत एकपासून. चुकलं की चिडायचं नाही, एकपासून.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. निवांतकाका, मोजायचं म्हणालात आणि मला हसूच आलं, दिवसभर दुसरं करते काय मी! आमच्याकडे मशीन आहे तरी बंडल एकदा हाताने मोजायची सवय आहे, शंभर नोटा बोलत बोलत पण मोजते. म्हटलं दहा श्वास म्हणजे काय. आज सकाळी बसले तर चारच्या पुढे जाईना. पाचवर लाईटबिल आलं, मग परत एक. एकदा तर चौदावर पोचले, म्हणजे दहाला थांबायचं हे पण विसरले.
सोमवारपासून मास्तरांकडे जाते. गुडघ्याचं त्यांना आधीच सांगितलंय, म्हणाले येताना घरून जाडसर चादर आणा घडी करून गुडघ्याखाली घ्यायला. चकाचक क्लासची मैत्रीण रुसलीये.
कुणाकडे करपलेल्या कुकरवर काही उपाय आहे का? चिंच लावून झाली, लिंबू लावून झालं, तळ काळा तो काळाच.

कंदीपेढा: सोडा घालून पाणी उकळा. उभं राहून, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून.