समुद्रात कयाकिंगला पीएलबी घ्यावा का इनरीच?

कोथरूडचा_पॅडलर:
आम्ही चौघं एरवी खडकवासल्याला पॅडल मारतो, डिसेंबरात मुरुडला समुद्रात जायचंय. गेल्या वर्षी तिथेच पहाटे मतलई वाऱ्याने मला इतकं आत ढकललं की किनाऱ्यावरचे माड काडीएवढे दिसायला लागले, फोन पाउचमध्ये होता पण ओल्या बोटांनी अनलॉकच होईना, शेवटी एका होडीवाल्या काकांनी ओढून आणलं. भाऊ अमेरिकेहून येतोय, त्याला काय आणायला सांगू, पीएलबी (संकटात उपग्रहाला सिग्नल देणारा छोटा बीकन) का इनरीच (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र)?

सह्याद्री_ते_समुद्र:
इनरीच अजिबात नको रे! ते इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं आणि आपल्याकडे परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, एअरपोर्टवर बॅगेत सापडलं म्हणून लोकांना ताब्यात घेतलंय. पीएलबी वेगळा, ४०६ मेगाहर्ट्झवर थेट कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना सिग्नल देतो, सबस्क्रिप्शन नाही, चालू केला की किमान २४ तास चालतो. पण त्यात देशाचा कोड असतो, भारताचा ४१९, तिकडून आणलास तर तिकडचाच असणार. बंगळुरूला इस्रोचं केंद्र आहे तिथे बीकनची नोंदणी होते, मागवायच्या आधी कोडचं आणि परवान्याचं लेखी विचारून घे.

रेवदंडा_८४:
आणि घेतलास तर लाइफ जॅकेटला बांध, कयाकमध्ये ठेवू नकोस. उलटलास की रिकामी कयाक वाऱ्याने तुझ्यापेक्षा जोरात पळते, बीकन तिच्यासोबत जातो आणि तू मागे राहतोस. अँटेना पूर्ण उघडून पाण्याच्या वर, आकाशाकडे धरायची. कोणी जुना फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवाला बीकन स्वस्तात देत असेल तर घेऊ नको, उपग्रहांनी तो २००९ पासून ऐकणंच बंद केलंय, आता ती फ्रिक्वेन्सी जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा सापडायला वापरतात. आमच्या इथल्या मच्छीमारांसाठी इस्रोने डॅट, म्हणजे उपग्रहाला संकटाचा मेसेज पाठवणारं यंत्र, काढलाय, २०२४ च्या नव्या डॅटवर तर उलट निरोपही येतो की मेसेज पोचला, पाण्यात वाट बघणाऱ्याला तेवढ्यानेही केवढा धीर येतो. आणि कोस्ट गार्डचा १५५४ घरी लिहून दे, किती वाजता परतणार तेही सांगून जा.

कोथरूडचा_पॅडलर:
थँक्यू दादा, भावाला लगेच नको म्हणून कळवलं. बंगळुरूला आज मेल टाकतो. रविवारी खडकवासल्याला मुद्दाम उलटून पाण्यातूनच पाउचमधल्या फोनवरून घरी कॉल लागतो का बघणार आहे, कोणी येतंय का सोबत?